वाल्देमार हाफकिन : चरित्र आणि बोध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, अशी प्रथा आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्या ज्ञातीतील, निदान आपल्या मुलखातील असते. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हत आणि आपल्या देशाचेही नव्हत. तथापि मुंबईतील परळच्या ज्या संस्थेचे नाव आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कानावरून गेले आहे, तिला त्यांचेच नाव दिलेले आहे. ते गृहस्थ म्हणजे प्लेगची लस प्रथम तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन.

हे चरित्र निवडण्यास एक विशेष कारण आहे. नांदेड व लातूर येथील आपल्या कुटुंबांतून वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या प्रतिवर्षी वाढत आहे. लातूरच्या शिकवणीचा लौकिक तर महाराष्ट्रभर झाला असून दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. परंतु जी मुले डॉक्टर होत नाहीत त्यांपैकी पुष्कळ जण प्रयोगशाळांत कामास लागतात. रक्त, लघवी, थुंकी यांची तपासणी करून अहवाल लिहिणे हे त्यांचे काम. रोगी त्यांस ओळखत नाही, डॉक्टर क्वचितच भेटतो. पण औषध कोणते द्यावयाचे हे पुष्कळदा त्यांच्या एका आकड्यावर ठरते. हा आकडा खरा कशाने ठरतो, माणसाच्या नावलौकिकाने की कसोटीने, या प्रश्नाचे उत्तर हाफकिन यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट मिळते तितके अन्यत्र क्वचितच मिळेल.

जन्म आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी ते रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. शाळेचे शिक्षण बेर्द्यान्स्क या गावी आटोपून ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांस इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखविणारे व पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले तेच हे मेचनिकोव्ह होत.

झारच्या राज्यात ज्यूंची स्थिती हलाखीची होती. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात. ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी जी पथके उभारली त्यांत हाफकिन सामील झाले. अशाच एका दंग्यात एका घराचे रक्षण करताना ते जखमी झाले व त्यांस अटक झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. विद्या संपादन झाल्यावरही प्राध्यापकाची जागा त्यांस मिळेना. धर्म सोडून ख्रिस्ती झाल्यास मार्ग मोकळा होता. पण तो त्यांनी स्वीकारला नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात सामान्य जागेवर काम करीत त्यांनी काही वर्षे काढली. जन्मामुळे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील जुन्या पिढीस समजावून सांगावयास नको.

१८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. प्रथम ते जिनिव्हा येथे शिकविण्याच्या कामावर राहिले व पुढच्याच वर्षी पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्या वेळी एकच जागा रिकामी होती, आणि ती ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळावयाची आणि उरल्या वेळात सूक्ष्मदर्शकापाशी बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

पटकीची लस आणि हिंदुस्थानचा प्रवास

त्या काळी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, युरोप व आशिया दोन्ही खंड हैराण झाले होते. पटकीच्या जंतूंपासून लस करण्याचा प्रयत्न हाफकिन यांनी हाती घेतला. प्राण्यांवर ती निर्धोक ठरल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले आणि उतरले. त्यानंतर काही मित्रांनी टोचून घेतली. परंतु निरोगी माणसांना ताप आला नि गेला, एवढ्याने लस रोग थांबविते असे सिद्ध होत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्यासाठी रोग असलेल्या मुलखात जाणे अवश्य होते. म्हणून मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले.

पुढील दोन-सव्वादोन वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरून त्यांनी सुमारे ४२,००० लोकांस लस टोचली. लोकांच्या मनात संशय होता. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांच्यावर दगडफेकही झाली. तेथील भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, तेव्हा लोक पुढे आले.

या कामात हाफकिन यांची एक पद्धत होती. एकाच वस्तीत, एकाच चाळीत, एकाच तुरुंगात काहींनी लस टोचून घ्यावी व काहींनी घेऊ नये. पाणी तेच, अन्न तेच, हवा तीच. पुढे तेथे पटकी आली म्हणजे दोन्ही गटांत किती आजारी पडले व किती दगावले याची नोंद ठेवावयाची आणि दोहोंची तुलना करावयाची. लस न घेतलेला हा जो दुसरा गट, त्यावाचून पहिल्या गटाच्या आकड्यांस काही अर्थच नाही, हे ते जाणून होते. आजच्या प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणून जो शब्द वापरतात त्याचे मर्म हेच. जे तपासावयाचे आहे त्याच्या शेजारी तुलनेसाठी दुसरे काही ठेवल्याखेरीज निर्णय द्यावयाचा नाही.

मुंबईतील प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. गोव्याकडील डॉ. अकासियो व्हिएगश यांनी हा रोग प्लेगच आहे असे प्रथम ओळखले. त्या प्लेगाच्या कथा आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून कोणी ऐकल्या नसतील? घरात उंदीर पडू लागले की गाव ओस करावयाचे आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हा त्या काळचा सर्वत्रचा रिवाज. नांदेड व लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. मुंबईची वर्तमानपत्रे आपल्याकडे क्वचितच येत. प्लेगची धास्ती मात्र त्यांची वाट पाहत बसली नव्हती. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी जी जबरदस्ती झाली तिच्यातून १८९७ च्या जून महिन्यात रँडसाहेबाचा वध घडला, हे इतिहासात आहेच.

सरकारने हाफकिन यांस कलकत्त्याहून मुंबईस बोलाविले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांच्या आत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. पुढे लोकांना जी मात्रा दिली जाई तिच्या तिप्पट-चौपट मात्रा त्यांनी घेतली. ताप भरला, टोचल्या जागी वेदना झाल्या. तरी त्यांनी आपले काम थांबविले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांस लस टोचण्यात आली, बाकीच्यांस नाही. लस न घेतलेल्यांत पुढे १२ जण आजारी पडले व ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ जण आजारी पडले आणि दगावला एकही नाही. हे आकडे मुंबईभर झाले व लोकांचा विश्वास बसू लागला. आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांपैकी हजारो लोकांस लस टोचविली व प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज ही आपली वास्तू दिली. अखेरीस १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे रीतसर उद्घाटन झाले.

लस कशी होत असे

ही लस करण्याची रीत वाचकांस, विशेषतः आपल्या भगिनींस, मनोरंजक वाटेल; कारण तीत आपल्या स्वयंपाकघरातील एक वस्तू होती. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवावयाचे असतात. गाय वा डुक्कर यांचे मांस वापरल्यास हिंदू वा मुसलमान समाजास ते खपावयाचे नाही, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस घेतले. चंबूतील त्या अर्कावर ते तुपाचे काही थेंब सोडीत. तुपाच्या तवंगाखाली प्लेगचे जंतू, गुहेच्या छतास चुनखडीचे लोलक लोंबावे तसे, खाली लोंबत वाढत. चंबूस जराही धक्का न लागता असे लोलक दिसले तर आत प्लेगचेच जंतू आहेत अशी खूण पटे. म्हणजे तूप हे जंतूंना आधारही देई आणि त्यांची ओळखही पटवी. मधून मधून चंबू हलवून ते लोलक खाली पाडावयाचे व पुन्हा नवे वाढू द्यावयाचे, असे सुमारे सहा आठवडे चाले. मग ठराविक उष्णता देऊन जंतू मारावयाचे, थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे आणि बाटल्या भरून बुचे मारावयाची. प्रत्येक बाटलीवर क्रमांक असे. हा क्रमांक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सारी कथा एका क्रमांकाभोवती फिरणार आहे.

कसोटीच्या बाबतीत हाफकिन यांच्यावरही टीका झाली होती, हे येथे सांगितले पाहिजे. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने लस उपयुक्त आहे, ती रोग व मृत्यू दोन्ही घटविते, असा निर्वाळा दिला. पण तिची मात्रा अधिक काटेकोरपणे ठरविली जावी असेही सुचविले. टोचल्यावर ताप किती येतो यावरून मात्रेचा अदमास घेण्याची त्यांची रीत कमिशनला पुरेशी वाटली नाही. चांगल्या कामातही माप सैल राहू शकते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मुलकोवाल

१९०२ साली पंजाबात प्लेगचा जोर झाला आणि तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. जुन्या रीतीने एवढी लस वेळेत होणे शक्य नव्हते. म्हणून परळच्या प्रयोगशाळेत अधिक जलद अशी नवी रीत सुरू करण्यात आली. तीत जंतू केवळ उष्णतेने मारले जात. कार्बोलिक ॲसिड घातले जात नसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अशीच पद्धत होती व तीवर हाफकिन यांचा भरवसा होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांस लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी ५ बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या एका बाटलीतून ज्या १९ जणांस लस दिली त्यांस सुमारे आठवड्याभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. बाकीच्या चार बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली त्यांपैकी कोणासही धनुर्वात झाला नाही. प्लेगपासून वाचण्यासाठी, सरकारी माणसावर विश्वास ठेवून ज्यांनी दंड पुढे केला होता, ते त्याच सुईने गेले. एका लहानशा खेड्यावर केवढा हा घाला! आणि त्याचा परिणाम त्या खेड्यापुरता राहिला नाही. पंजाबातील लसीकरणावरून लोकांचे मन उडाले आणि पुढील वर्षांत तेथे प्लेगने लाखो लोकांचा बळी घेतला.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत व कार्बोलिक ॲसिड वगळणे ही गंभीर चूक होती, असा तिचा निष्कर्ष झाला. हाफकिन यांस परळच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते आणि ज्यू होते. सरकारी वैद्यकीय खात्यातील कित्येकांच्या डोळ्यांत ते आधीपासून सलत होते. १९०४ साली ते लंडनला निघून गेले. वय अवघे ४४. ज्या कामासाठी घरदार, देश, प्रपंच काही मागे ठेवले नाही, ते काम हातातून गेले आणि कपाळी १९ जिवांचा कलंक लागला.

कागदांनी दिलेला न्याय

चौकशीचे कागद तेव्हा प्रसिद्ध झाले नव्हते. ते १९०६ च्या अखेरीस बाहेर आले आणि जाणकारांनी ते बारकाईने वाचले. त्यांत असे दिसले की, मुलकोवाल येथे ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणाच्या खतात असतात, हे खेड्यातील प्रत्येक शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक आहे. तो चिमटा पुरता निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुचकळून बाटलीचे बूच काढण्यास वापरण्यात आला होता. दुसरे असे की, बाटली उघडताना तिला कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू तीत कित्येक आठवडे वाढले असते तर दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. तिसरे असे की, रोग्यांस लक्षणे दिसण्यास सुमारे आठवडा लागला. विष बाटलीत आधीच मुरलेले असते तर ती त्याहून लवकर दिसली असती. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मतही दोष बाटली उघडण्याच्या वेळचा असावा याच बाजूचे होते.

ही बाजू हिरिरीने मांडणारे गृहस्थ आपल्या मुलखास परके नाहीत. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू ज्यांनी १८९७ साली सिकंदराबादेत, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच संस्थानात, शोधून काढला ते सर रोनाल्ड रॉस हेच होत. जुलै १९०७ च्या अखेरीस रॉस व इतर नऊ नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात संयुक्त पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाची आठवण त्या वेळी पुष्कळांस झाली. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले व त्यांस पुन्हा हिंदुस्थानात काम देण्यात आले.

येथे आम्हांस दोन गोष्टी वाचकांच्या नजरेस आणावयाच्या आहेत. पहिली ही की, ज्या बाटलीने हाफकिन यांस बुडविले तिच्यावर क्रमांक होता व कोणास कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती, म्हणूनच १०७ जणांतील ते १९ जण एकाच बाटलीकडे बोट दाखवू शकले. नोंद नसती तर सारी लसच विषारी ठरली असती. दुसरी ही की, परळच्या प्रयोगशाळेत कितीही दक्षता घेतली तरी ती शेवटच्या हातापर्यंत पोहोचली पाहिजे. चंबूपासून रोग्याच्या दंडापर्यंत जितके हात तितक्या कसोट्या हव्यात. मुंबईत शुद्ध असलेली वस्तू मुलकोवालच्या अंगणात एका चिमट्याने अशुद्ध होऊ शकते. त्या मदतनिसाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. तो पडल्यावर काय करावयाचे याचा नियम त्यास कोणी इतका पक्का शिकविला होता का, की घाईतही तो मोडवू नये, हा खरा प्रश्न आहे.

उत्तरायुष्य

परतल्यावर परळची जागा हाफकिन यांस मिळाली नाही, कारण ती भरली गेली होती. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. तेथे माणसांवर लशीचे प्रयोग करण्यास त्यांस मोकळीक नव्हती. निर्दोष ठरूनही त्यांचे हात बांधलेलेच राहिले. १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपास परतले. पॅरिसजवळ राहून त्यांनी आपल्या ज्यू समाजाच्या कामास वाहून घेतले व धर्माचरणही कसोशीने पाळले. ते अखेरपर्यंत अविवाहित होते. १९२८ साली ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गेले. आपली सारी मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या धर्मपाठशाळांस ठेवली, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथेच त्यांनी देह ठेवला. आयुष्याची ऐन वर्षे ज्यांनी परक्या देशातील परक्या धर्माच्या माणसांसाठी खर्ची घातली, त्यांनी शेवटी आपल्या समाजाची मुलेही विसरली नाहीत. ज्ञातिसेवा आणि लोकसेवा यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे या आयुष्यावरून दिसते.

त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. भारताच्या टपाल खात्याने १९६४ साली त्यांचे तिकीट काढले. १९७५ साली संस्थेचे दोन भाग झाले. लस व औषधे करणारे महामंडळ वेगळे झाले आणि मूळ संस्थेकडे प्रशिक्षण, संशोधन व परीक्षण ही कामे राहिली. त्यांतील परीक्षण हा शब्द आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो.

आपल्या दाराशी

हे सर्व जुने झाले, प्लेग गेला, असे कोणी म्हणेल. त्यास १९९४ ची आठवण द्यावी लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील गावे जमीनदोस्त केली. त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. भूकंपाच्या भीतीने सोडलेली घरे, त्यांत साठलेले धान्य आणि वाढलेले उंदीर यांच्याशी काही अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला. पुढल्याच महिन्यात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची बातमी उठली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. परदेशांनी विमाने थांबविली, व्यापार बसला.

या सर्व गोंधळात रोग खरोखर प्लेगच होता काय, हा वाद कित्येक महिने मिटला नाही. नमुने वेळेवर व योग्य रीतीने घेतले गेले नाहीत, निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत मेळ नव्हता, अशी टीका झाली. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंतूंच्या जनुकांची तपासणी करून ते प्लेगचेच असल्याचे प्रसिद्ध केले. रोग ओळखण्यास जेथे दिवस लागावयास हवे होते तेथे वाद मिटण्यास वर्षे लागली. व्हिएगश यांनी मांडवीत १८९६ साली जे ओळखले ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात ९८ वर्षांनी निर्विवाद सिद्ध करता येऊ नये, हे आपणां सर्वांस विचार करावयास लावणारे आहे.

हाफकिन यांच्यानंतर कसोटीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. १९४७ साली अमेरिकेत बेल्क व संडरमन या दोघांनी एकच नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे पाठवून पाहिले, तेव्हा उत्तरांत विलक्षण तफावत निघाली. १९५० साली लेव्ही व जेनिंग्ज यांनी कारखान्यातील मालाच्या तपासणीची आलेखपद्धती रक्ततपासणीस लागू केली. आज प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत सकाळी रोग्यांचे रक्त यंत्रावर लावण्यापूर्वी, ज्यातील साखर, युरिया वगैरेंचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे रक्तद्रव लावतात. यासच कंट्रोल लावणे म्हणतात. त्याचे उत्तर ठरलेल्या मर्यादेत आले तरच रोग्यांचे नमुने तपासावयाचे. न आल्यास यंत्र थांबवून कारण शोधावयाचे. प्रत्येक दिवसाचे उत्तर आलेखावर मांडावयाचे, म्हणजे यंत्र हळूहळू एका बाजूस सरकत असल्यास ते चूक होण्याआधीच दिसते. शिवाय बाहेरच्या संस्थेकडून आलेले अनोळखी नमुने तपासून आपली उत्तरे इतरांशी ताडून पाहावयाची. बाटलीवरील क्रमांक, वापरण्याची मुदत, शीतपेटीचे तापमान, कोणी तपासले व कधी, या सर्वांची नोंद ठेवावयाची. ही ती ५३-एनची शिकवण.

या कामात मानमरातब नाही. कंट्रोल चुकला म्हणून एखाद्या मुलीने तासभर अहवाल अडवून धरले, तर बाहेर बसलेले लोक कुरकुर करतात, मालक रागावतो, आणि तिने वाचविलेल्या माणसास आपण वाचलो हे कधीच कळत नाही. उलट डोळेझाक करून सही केल्यास त्या दिवशी कोणीच काही बोलत नाही. म्हणून अशा वेळी तिच्या पाठीशी उभे राहणारे कोणी तरी हवे. हाफकिन यांच्या पाठीशी पाच वर्षांनी का होईना, दहा माणसे उभी राहिली. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी संध्याकाळी उशिरा घरी आली आणि उत्तर जुळेना म्हणून काम पुन्हा केले असे म्हणाली, तर उशिराबद्दल तिला बोल लावू नये. गरम जेवण वाढावे आणि बरे केलेस म्हणावे. वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे.